भाचीचं ऐकणं कुणाच्या खात्यात?

१४ जुलै २०२३, शुक्रवार. सकाळी साडेनऊच्या जरा आधी मी उत्तर नागपुरातल्या आमच्या अभ्यासिकेत पोचले, तर एरवी त्या वेळी रिकामा असणारा मुलींचा कोपरा भरलेला. सहा-सात जणी. पुढ्यात बारावीची पुस्तकं उघडी आणि प्रत्येक पुस्तकाला टेकून उभा केलेला मोबाइल. मधोमध माझी भाची, हातात वही, डोळे घड्याळावर. मला वाटलं ऑनलाइन टेस्ट असेल. बरोबर साडेनऊला सगळ्यांनी एकदम स्क्रीनवर बोट टेकवलं आणि पाच मिनिटांत अभ्यासिकेचं वायफाय बसलं. पलीकडे पोलीस भरतीचा सराव पेपर सोडवणारा पोरगा ओरडला, "ताई, नेट गेलं!"

टेस्ट नव्हतीच. दक्षिण कोरियाच्या बीटीएस या गटातल्या जंगकूकचं 'सेव्हन' नावाचं गाणं त्या क्षणी जगभर प्रदर्शित झालं होतं. तिकडे दुपारचा एक, आपल्याकडे साडेनऊ. या गटाचे चाहते स्वतःला 'आर्मी' म्हणवतात, आणि त्या आर्मीची एक तुकडी आमच्या अभ्यासिकेत, वस्तीतून वर्गणी काढून घेतलेल्या वायफायवर कामाला लागली होती.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय. चाहते, समूह, उपसंस्कृती यांवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलीत. त्या क्षणी त्यातलं काही आठवलं नाही. कोणतीही मावशी करेल तेच मी केलं. भाचीचा फोन काढून घेतला आणि चारचौघींसमोर सुनावलं, "कोरियातल्या पोरासाठी क्लास बुडवून राहिली? त्याला माहीत तरी आहे का तू कोण?"

ती रडली नाही. म्हणाली, "मावशी, तुला नाही समजत ते," आणि वही पुढच्या मुलीकडे सरकवली.

ती वही मी रात्री वाचली. आपल्या संघटनांच्या मासिक बैठकांची इतिवृत्तं मी गेली दहा वर्षं लिहिते आहे, वाचते आहे. एवढी नीट वही मी पाहिलेली नाही. पहिल्या पानावर नियम. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते, पण आपण गाणं पूर्णच ऐकायचं. तेच गाणं लागोपाठ लावायचं नाही, मध्ये दोन-तीन दुसरी लावायची, नाहीतर यंत्र लावलंय असं समजतात. आवाज बंद ठेवायचा नाही. युट्यूबवर नाव टाइप करून शोधायचं, जाहिरात आली तर पळवायची नाही. यातले किती नियम खरे आणि किती चाहत्यांनीच एकमेकांच्या सांगण्यावरून रचलेले, ते कंपन्यांना ठाऊक. तीस सेकंदांचा तेवढा पक्का आहे. गाण्याच्या दोन आवृत्त्या होत्या, एक साधी आणि एक शिवराळ. 'घरात साधीच' अशीही नोंद होती.

दुसऱ्या पानावर तक्ता होता. कोण कधी ऐकणार, कोणाचा डेटा किती उरलाय. एकीच्या नावापुढे 'रात्री ९ नंतर' असं लिहिलेलं, कारण फोन आईचा आणि आई कामावरून नऊला येते. एकीकडे फोनच नव्हता. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'हिंदी भाषांतर + हिशेब'. हे वाचून मी थांबले. जिच्याकडे काहीच साधन नाही तिलाही काम नेमून दिलेलं. आपल्या किती शाखांमध्ये हे होतं?

शुक्रवार का, तेही वहीत होतं. बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या गाण्यांच्या याद्यांचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. शुक्रवारी गाणं आलं की पुरे सात दिवस हाती मिळतात. त्या सात दिवसांत जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 'सेव्हन' थेट पहिल्या क्रमांकावर आलं, अमेरिकेच्या 'हॉट १००' यादीतही आणि जगाच्या 'ग्लोबल २००' यादीतही. पुढे स्पॉटिफायवर शंभर कोटी वेळा ऐकलं जायला त्याला साडेतीन-पावणेचार महिने लागले. त्या वेळी एवढ्या लवकर तिथे कोणतंच गाणं पोचलं नव्हतं. आमच्या अभ्यासिकेत त्या दिवशी पेढे वाटले गेले. मी खाल्ला नाही. फुगून बसले होते.

पण वही डोक्यातून जाईना, म्हणून मी हा हिशेब समजून घ्यायला बसले. जे हाती लागलं ते आपल्या पोरापोरींना कळायलाच हवं असं मला वाटतं.

'हॉट १००' यादी ठरते अमेरिकेतल्या ऐकण्यावर, अमेरिकेतल्या खरेदीवर आणि अमेरिकेतल्या रेडिओवर. आमच्या पोरींनी कितीही रात्री जागवल्या असत्या तरी त्या यादीत त्यांचं ऐकणं शून्य. 'ग्लोबल २००' २०२० पासून निघते, त्यात भारताचं ऐकणं धरतात. पण तिथेही सगळ्यांचं ऐकणं सारख्या मोलाचं नाही. दरमहा पैसे भरून ऐकणाऱ्याचं वजन जास्त आणि जाहिराती सोसत फुकट ऐकणाऱ्याचं कमी. हे कमी म्हणजे किती कमी, ते अमेरिकेच्या अल्बमच्या यादीवरून कळतं. त्या वर्षी तिचा नियम असा होता की पैसे भरणाऱ्यांनी अल्बममधली गाणी १,२५० वेळा ऐकली की एक अल्बम विकला गेला असं धरायचं, आणि फुकट ऐकणाऱ्यांनी तीच गाणी ३,७५० वेळा ऐकली की तेवढंच धरायचं. म्हणजे तीन फुकट्या मिळून एक माणूस.

मी तो आकडा वाचला आणि मला २५ नोव्हेंबर १९४९ आठवला. संविधान सभेतल्या त्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की राजकारणात आपण एक माणूस, एक मत, एक मूल्य मान्य करणार आहोत आणि सामाजिक-आर्थिक जीवनात माणसाला समान मूल्य नाकारत राहणार आहोत. गाण्यांच्या यादीला ते भाषण लावणं कुणाला ओढूनताणून वाटेल. वाटू द्या. ज्या मुलीची आई रात्री नऊला फोन घेऊन येते, ती मुलगी जागून जे ऐकते त्याला एक तृतीयांश मोल, आणि तेही कुठल्या यादीत धरलं जाईल हे तिच्या देशावर अवलंबून. हे मला कुठेतरी आधी पाहिल्यासारखं वाटलं.

आणि मिळकत? बीटीएसची कंपनी ऑक्टोबर २०२० मध्ये कोरियाच्या शेअर बाजारात उतरली. त्याआधी कंपनीच्या प्रमुखाने गटातल्या सातही जणांना शेअर दिले. चांगलं केलं, गाणारे ते होते. ज्यांनी रात्री जागवल्या त्या आर्मीला बाजारात जाऊन विकत घ्यायची मुभा होती.

हे सगळं मी भाचीला मोठ्या विजयी मुद्रेने ऐकवलं. ती म्हणाली, "माहीत आहे. आमच्या ग्रुपवर हे सगळं येते. तरी ऐकतो." मग जरा वेळाने, "तिथे मला कोणी आडनाव नाही विचारत."

हे मला माहीत नव्हतं. तिचा पंधरा-वीस मुलींचा ऑनलाइन गट होता. कोणी इंफाळची, कोणी कोझिकोडची, एक लाहोरची. सगळ्या टोपणनावाने. कॉलेजात पहिल्या दिवशी बाकावर बसताच हिला पूर्ण नाव विचारलं गेलं होतं, आणि नाव सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यात जो बदल होतो तो आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्या गटात ती दोन वर्षं फक्त एक आवाज आणि एक जांभळं चित्र होती. तिला हिशेब चांगला येतो म्हणून तिला मान होता. कोरियन लिपी तिने स्वतःची स्वतः शिकली होती म्हणून मान होता. सतराव्या वर्षी गुणावर मिळालेला हा तिचा पहिला मान. मी तो अभ्यासिकेतल्या चारचौघींसमोर काढून घेतला होता.

आडनावाविना राहण्याची सोय किती दिवस टिकते तेही तिने पाहिलं. त्याच वर्षी १४ एप्रिलला तिने गटात बाबासाहेबांचा फोटो टाकला होता. बऱ्याच जणींनी निळं हृदय दिलं. दिल्लीच्या एकीने विचारलं, "तू कोट्यातली आहेस का?" आणि हसण्याचं चिन्ह लावलं. दोघी गट सोडून गेल्या. कोझिकोडच्या मुलीने त्या दिल्लीवालीला असं काही सुनावलं की मला ते इथे लिहिता येणार नाही. भाची गटात राहिली. म्हणजे जात तिथेही पोचलीच, पण तिथे तिच्या बाजूने भांडणारं कोणीतरी आपणहून उभं राहिलं. कॉलेजच्या वर्गात ते झालं नव्हतं.

आपल्या चळवळीतली काही ज्येष्ठ मंडळी या पोरांना 'वाया गेलेली' म्हणतात. त्यांना मला २०२० सालाची आठवण करून द्यावीशी वाटते. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने मानेवर गुडघा दाबून मारलं. लोक रस्त्यावर आले. बीटीएस आणि त्यांच्या कंपनीने 'ब्लॅक लाइव्हज मॅटर'ला दहा लाख डॉलर दिले. ते कळताच आर्मीने तेवढेच दहा लाख स्वतःच्या खिशातून उभे केले, साधारण एका दिवसात. डॅलसच्या पोलिसांनी निदर्शकांचे व्हिडिओ पाठवा म्हणून ॲपवर आवाहन केलं, तर के-पॉपच्या पोरापोरींनी तिथे नाचगाण्याच्या क्लिपांचा पाऊस पाडून ते ॲप बंद पाडलं. गोऱ्यांच्या वर्चस्ववाद्यांनी काढलेला हॅशटॅग याच पोरांनी गाण्यांनी भरून टाकला. १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपण आपल्या संघटनेचं नाव घेतलं. समुद्रापलीकडचा लढा आपला वाटणं म्हणजे काय, हे निदान आपल्याला तरी परकं वाटू नये. गाणं मोजायला शिकलेली फौज गरज पडली तर दुसरंही मोजते.

अर्थात याच फौजा एखाद्या समीक्षकाने गाणं सुमार म्हटलं तर त्याला घरापर्यंत शिव्या घालतात. आपल्या आवडत्या गायकाची चूक दाखवणारी पोरगी त्यांना शत्रू वाटते. मी हे बोलले तेव्हा भाचीने तो बाण काढला, जो ती कदाचित त्या शुक्रवारपासून राखून होती.

"तुम्ही नाही का १३ एप्रिलच्या रात्री संविधान चौकात बारा वाजायची वाट बघत? आम्ही साडेनऊची बघितली."

मी संतापले. बाबासाहेब म्हणजे पॉप गायक आहेत का? ज्यांनी आपल्याला माणसात आणलं त्यांच्याबरोबर कुणाला बसवतेस? पण संताप ओसरल्यावर कबूल करावं लागलं की तिचा प्रश्न बाबासाहेबांबद्दल नव्हताच, आमच्याबद्दल होता. बाराच्या ठोक्याला फटाके फोडणारे आम्ही, डीजेसमोर नाचणारे आम्ही, कुणी नेत्यावर प्रश्न विचारला की त्याला 'विकला गेला' म्हणणारे आम्ही.

याचं उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवलं आहे. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त त्यांनी जे भाषण केलं त्यात विभूतिपूजेवर मोठा भाग आहे. त्यात ते दोन गोष्टी वेगळ्या करतात. थोर माणसाबद्दल अपार आदर वाटणं, तो व्यक्त करणं, यात त्यांना काही वावगं वाटत नाही. पण त्याची आज्ञा आंधळेपणाने पाळणं, आपली बुद्धी त्याच्या पायाशी ठेवणं, हे त्यांना घातक वाटतं. मी भाचीला तेवढाच भाग वाचायला दिला. तिने वाचला आणि विचारलं, "मग आम्ही कुठल्यात बसतो? जंगकूक आम्हाला काही सांगतच नाही. आज्ञा तर त्या यादीची पाळतो."

मी त्यावर आजही विचार करते आहे. तिचं म्हणणं बरोबर आहे. गायकाने कुणाला रात्र जागवायला सांगितली नव्हती. ती रात्र आकड्याने मागितली होती. आणि आकडा कुणाचा असतो? २०१९ च्या जुलैमध्ये बादशाहच्या 'पागल' गाण्याने चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळवून बीटीएसचा विक्रम मोडल्याचा दावा झाला. त्यात जाहिराती विकत घेऊन मिळवलेले व्ह्यूजही होते. युट्यूबने तो विक्रम जाहीर केला नाही आणि सप्टेंबरमध्ये नियमच बदलला. चोवीस तासांच्या विक्रमात पैसे देऊन दाखवलेल्या जाहिरातींतून आलेले व्ह्यूज धरायचे नाहीत. याचा दुसरा अर्थ काढा. तोवर पैसा आणि पोरींच्या रात्री एकाच तराजूत बसत होत्या.

आता मुळात मला जे सांगायचं आहे त्याकडे येते.

आमच्या वस्तीत एक गायिका आजी आहेत. वय साठीच्या पुढे. स्वतः गाणी लिहितात, चाल लावतात, गातात. दीक्षाभूमीच्या मेळ्यात त्यांच्या कॅसेटी पथारीवर विकल्या जायच्या तेव्हापासून गातात. आपल्याकडेही गाणं 'रिलीज' व्हायचं, हे नव्या पोरांना ठाऊक नसतं. १४ एप्रिलच्या आधी, अशोक विजयादशमीच्या आधी, ६ डिसेंबरच्या आधी नवीन कॅसेट यायची. दुकानदार ती कर्ण्यावर लावायचा आणि गर्दी तिथेच उभ्याने ऐकून ठरवायची. वामनदादा कर्डकांची गाणी तर कॅसेटीच्याही आधी, गावोगावी तोंडातून तोंडात गेली. अलीकडे कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज महाराष्ट्रभर पोचला तो लोकांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवलेल्या व्हिडिओंमुळे. आपला समाज पिढ्यान् पिढ्या ही आर्मी आहे. फक्त आपल्याकडे वही नव्हती.

२०२४ च्या मार्चअखेर आजींचं रमाईवर नवं गाणं युट्यूबवर आलं. मी भाचीला म्हटलं, आण तुझी वही. ती आधी हसली आणि मग खरंच आणली. अभ्यासिकेतल्या बाराजणी, शिवाय पोलीस भरतीवाला तो पोरगा आणि त्याचे दोन मित्र. गाणं डाउनलोड करून पाठवायचं नाही, मूळ लिंकच पाठवायची. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून गेलं की ते ऐकणं कुठेच मोजलं जात नाही, हे आमच्या मंडळातल्या एकाही कार्यकर्त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. गाण्याखाली गीतकार म्हणून आजींचं नाव आहे का पाहायचं. कोझिकोडच्या मुलीनेही ऐकलं, अर्थ न कळता. पहिल्या चार दिवसांत नऊशेवर अडकलेला आकडा जयंतीच्या सकाळी चाळीस हजारांच्या पुढे गेला. मिरवणुकीत डीजेवर तेच गाणं वाजलं. आजी ट्रॅक्टरजवळ उभ्या राहून रडत होत्या.

मे महिन्यात भाचीने त्यांना सहज विचारलं, "आजी, पैसे किती आले?"

"कशाचे?"

मग सगळं बाहेर आलं. चॅनल आजींचं नव्हतं, स्टुडिओवाल्याचं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याने शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली होती, सात हजार रुपये एकरकमी, सर्व हक्क कायमचे. आणि गाण्याखाली 'गीत-संगीत' म्हणून नाव त्याचंच. आमच्या वहीत 'नाव तपासायचं' असा नियम होता आणि तो मीच तपासायचा राहून गेला होता. गायिका म्हणून त्यांचं नाव दिसलं आणि मी पुढे वाचलंच नाही. चाळीस हजार वेळा आम्ही ज्याच्या खात्यात भर घातली तो कोणी परका नव्हता. आपलाच. गाडीवर निळा झेंडा लावणारा, भेटल्यावर आधी जय भीम म्हणणारा.

भाची त्या दिवशी काही बोलली नाही. मला मात्र अरिवूची गोष्ट आठवली, ती मी तिला सांगितली. तमिळ रॅपर, आंबेडकरी. मार्च २०२१ मध्ये गायिका धी हिच्याबरोबर त्याचं 'एंजॉय एंजामी' आलं. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून परतलेली आपली आजी वल्लिअम्माल आणि भूमिहीन पूर्वज त्याने त्या गाण्यात आणले. कोट्यवधींनी ऐकलं. ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी होती, आणखी एक गायक होता, अरिवू नव्हता. डीजे स्नेकच्या रिमिक्सची जाहिरात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर झळकली, तिथेही तो नव्हता. पा. रंजित यांनी उघड प्रश्न विचारला, हजारो तरुण ऑनलाइन उभे राहिले, तेव्हा मासिकाने अरिवूचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. चाहत्यांनी एकजूट केली की काय होतं त्याचं हे उदाहरण मी नेहमी सांगते. पण पुढचं सांगायचं टाळत आले होते. २०२४ च्या मार्चमध्ये गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितलं की तीन वर्षांत या गाण्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही. मुखपृष्ठ मिळवता येतं. वहीखात्यापर्यंत पोचणं वेगळं.

कायदा आपल्या बाजूने आहे, निदान कागदावर. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तरांनी त्यासाठी राज्यसभेत बाजू मांडली होती. गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला समान वाटा त्याला लिहून देताच येत नाही. वारस आणि कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही नाही. म्हणजे स्टॅम्पपेपरवर 'सर्व हक्क कायमचे' लिहिलं असलं तरी तो वाटा आजींचाच. तो गोळा करणारी संस्था आहे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, मुंबईची, १९६९ पासूनची. गाणाऱ्यांच्या हक्कांसाठी, आधी इसरा म्हणून ओळखली जाणारी, वेगळी संस्था आहे. आपल्या जलशांच्या, कव्वालीच्या, डीजेच्या दुनियेतल्या किती जणांनी ही नावं ऐकलीत? आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा मोबदलाच निघत नाही. हजार म्हणजे आपल्या एका वस्तीचं एका संध्याकाळचं काम आहे. पण गाणं आधी योग्य नावावर हवं.

आजी तयार नव्हत्या. "पोरी, तो साऊंड देते आपल्याला. कार्यक्रम देते. त्याच्यासंग वाकडं घेऊन कुठं गाऊ मी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कलमं सांगत होते आणि त्या पुढच्या १४ ऑक्टोबरचा कार्यक्रम मोजत होत्या. दोन महिने गेले. शेवटी त्या म्हणाल्या, स्टुडिओवाल्याला नोटीस नको, पण ते मुंबईचं फॉर्म भरू, बघू.

फॉर्मला पॅन कार्ड लागतं, बँक खातं लागतं आणि आपल्या गाण्यांची यादी लागते. एका रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या घरी बसलो. भाचीने तीच वही उलट्या बाजूने उघडली. आजी एकेक गाणं गुणगुणून आठवायच्या, कुठल्या सालचं ते लेकींच्या जन्मावरून ठरवायच्या, आणि ती लिहायची. तेवीस झाली, तीस झाली. चाळिसाव्याच्या आसपास त्या थांबल्या. ट्रंकेतून एक जुनी कॅसेट काढली, तिच्या वेष्टणावर बोट ठेवलं.

"हे माझं आहे. पण इथं त्याचं नाव आहे. मेला तो. लिवायचं का?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही. पुढच्या रकान्यात पुरावा मागितला होता.